हे मांस कोणाचे?

नोव्हेंबर २०१८मध्ये जोधपूरकडून आलेले थर्माकोलचे खोके चेन्नईच्या एग्मोर रेल्वे स्थानकात पकडले गेले. आत सोललेली जनावरे होती, वजन दोन हजार किलोंच्या वर. त्यांच्या लांब शेपट्या पाहून हे कुत्र्याचे मांस असल्याची बातमी शहरभर झाली, आणि बिर्याणी खाणारे ताटाकडे संशयाने पाहू लागले. राजस्थानातल्या शेळ्यांच्या शेपट्या लांबच असतात, असे व्यापारी सांगत होते. पण त्या गदारोळात त्यांचे ऐकणार कोण? नमुने मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेले. काही दिवसांनी निकाल आला : कुत्रा नाही, मटणच.

डीएनए चाचणीसाठी हा अगदी सोपा पेपर होता. ताजे मांस, अख्खे जनावर आणि प्रश्न एकच : कोणाचे? या एका प्रश्नाला ही चाचणी जेवढे नेमके उत्तर देते, तेवढे दुसरी कुठलीही देत नाही. अडचण अशी की लोक, वर्तमानपत्रे, पोलीस आणि न्यायालये तिला आणखी चार प्रश्न विचारतात. किती आहे? शरीराचा कुठला भाग आहे? इथे आला कसा? आणि दोषी कोण? गेल्या पंचवीस वर्षांत अन्नात किंवा पशुखाद्यात लपलेला प्राणी शोधण्याची जी मोठी प्रकरणे गाजली, त्यातली बरीचशी या चार जादा प्रश्नांपाशीच अडखळली.

मांसाच्या जातीचा शोध डीएनएच्या कितीतरी आधीचा आहे. १९०१मध्ये पॉल उलेनहुट या जर्मन संशोधकाने रक्तातल्या प्रथिनांवरून माणूस आणि जनावर वेगळे ओळखण्याची चाचणी बसवली. तीच युक्ती गोमांस म्हणून विकल्या जाणाऱ्या घोड्याच्या मांसावरही चालली. पुढे ऐंशी वर्षे प्रथिनांवरच काम निभावले. १९८१मध्ये अमेरिकेत सॅन दिएगो इथे ऑस्ट्रेलियाहून आलेले गोमांस एका निरीक्षकाला नेहमीपेक्षा गडद आणि दोरेदार वाटले. तपासणीत घोडा निघाला, मागोमाग कांगारूही निघाला, आणि ऑस्ट्रेलियाला आपल्या साऱ्या मांसउद्योगाची चौकशी करायला न्यायमूर्ती वुडवर्ड यांचा आयोग नेमावा लागला. तेव्हा पकडले गेले ते कच्चे, गोठवलेले मांस होते. प्रथिनांच्या चाचणीची मर्यादा नेमकी इथेच होती. मांस शिजवले, डब्यात घालून उकळले की प्रथिनांची घडण मोडते, आणि जी खूण शोधायची तीच पुसली जाते.

डीएनए त्या मानाने चिवट. तोही उष्णतेने तुटतो, पण तुटलेल्या तुकड्यांवरचा मजकूर शाबूत राहतो. फाटलेल्या वर्तमानपत्राचा तळहाताएवढा कपटा मिळाला तरी तो मराठी की गुजराती हे सांगता येते, तसेच हे. १९८३मध्ये कॅरी मलिस यांना सुचलेल्या पीसीआर या तंत्राने अशा कपट्याच्या प्रती काढणे शक्य झाले (त्यांना १९९३चे नोबेल मिळाले). दर फेरीत दुप्पट या हिशेबाने तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होतात. मांसासाठी बहुतेक वेळा पेशीच्या केंद्रकातला डीएनए न घेता मायटोकॉन्ड्रियातला घेतात. केंद्रकातल्या डीएनएच्या प्रती त्या मानाने मोजक्याच असतात, पण मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएच्या शेकडो, कधी हजारो प्रती एकाच पेशीत असतात. काहीतरी हाती लागण्याची शक्यता त्यामुळे कितीतरी वाढते. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लालजी सिंग आणि सुनीलकुमार वर्मा यांनी याच मायटोकॉन्ड्रियातल्या सायटोक्रोम-बी जनुकावर जवळपास कुठल्याही प्राण्याला लागू पडेल अशी सार्वत्रिक चाचणी बसवली. शिकारीच्या खटल्यांत जप्त झालेले मांस हरणाचे की बोकडाचे, हे ठरवायला तिचा उपयोग झाला.

या साऱ्या तंत्राला जगभर प्रसिद्धी दिली ती मात्र आयर्लंडने.

आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२च्या अखेरीस दुकानांतून गोठवलेले बीफ बर्गर उचलले. कुणाची तक्रार नव्हती, कुणी आजारी पडले नव्हते. नेहमीचे सर्वेक्षण होते. १५ जानेवारी २०१३ला निकाल जाहीर झाला. २७ बर्गरांपैकी १० मध्ये घोड्याचा डीएनए आणि २३ मध्ये डुकराचा. नऊ बर्गरांत घोडा नाममात्र होता, पण टेस्को या बड्या साखळी दुकानाच्या स्वस्त बर्गरमध्ये गोमांसाच्या तुलनेत घोड्याचे प्रमाण सुमारे २९ टक्के निघाले. पुढच्याच महिन्यात ब्रिटनमध्ये फाइंडस कंपनीच्या तयार लझान्यामध्ये जवळजवळ सगळेच मांस घोड्याचे आढळले. मग युरोपीय संघाने सगळ्या सदस्य देशांत तपासणी लावली. घोड्याच्या डीएनएसाठी केलेल्या ४,१४४ चाचण्यांपैकी १९३, म्हणजे साडेचार टक्क्यांहून थोड्या जास्त, होकारार्थी आल्या.

आयर्लंडच्या त्या पहिल्या यादीत एक आकडा दुर्लक्षित राहिला, तो डुकराचा. ८५ टक्के बर्गरांत डुक्कर असूनही मथळे घोड्याचेच झाले, आणि ते एका अर्थी योग्यही होते. डुकराचा डीएनए बहुतेक ठिकाणी अत्यल्प होता. एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर सकाळी डुकराचे सॉसेज आणि दुपारी गोमांसाचे बर्गर निघत असतील तर यंत्र कितीही धुतले तरी एवढा अंश उरतोच. घोडा मात्र त्या कारखान्यात असण्याचे काहीच कारण नव्हते. म्हणून त्या वर्षी युरोपात एक टक्क्याची व्यवहारी रेघ मारली गेली. तिच्या वर गेले तर मुद्दाम केलेली भेसळ समजायची, खाली असेल तर निष्काळजीपणा.

ही रेघ तपासनिसाच्या सोयीची आहे, खाणाऱ्याच्या श्रद्धेची नाही. मुसलमान किंवा ज्यू ग्राहकाला अर्धा टक्का डुक्करही चालत नाही, आणि जैन गृहिणीला हजारावा हिस्सादेखील. मलेशियात मे २०१४मध्ये हा पेच उघडा पडला. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने कॅडबरीच्या दोन चॉकलेटांत डुकराचा डीएनए सापडल्याचे सांगितले आणि कंपनीने माल परत मागवला. आठवडाभरात इस्लामी धर्मखात्याने थेट कारखान्यातून नवे नमुने घेतले, तर त्यांत डुकराचा मागमूस नव्हता. दोन्ही प्रयोगशाळांनी चूक केलीच असेल असे नाही. उघड्या वेष्टनाला, हाताला किंवा टेबलाला चिकटलेला अतिसूक्ष्म अंशही हे तंत्र पकडते. चाचणीचा हा गुणच तिला गोत्यात आणतो. २०१५मध्ये क्लिअर लॅब्ज या अमेरिकी कंपनीने ३४५ हॉटडॉग आणि सॉसेज तपासून अहवाल काढला. त्यात दोन टक्के नमुन्यांत चक्क माणसाचा डीएनए सापडल्याचे म्हटले होते. वाचणाऱ्यांच्या अंगावर काटा आला, पण माणसाचा डीएनए यायला कामगाराचा एक केस किंवा एक शिंक पुरे.

‘किती’ या प्रश्नाने प्रयोगशाळांना नेहमीच घाम फोडला आहे. डीएनए मोजता येतो, मांस नाही. ग्रॅमभर स्नायूत, ग्रॅमभर यकृतात आणि ग्रॅमभर चरबीत पेशी सारख्या नसतात. मायटोकॉन्ड्रियाची संख्या तर अवयवागणिक बदलते. त्यामुळे ‘५० टक्के डीएनए’ म्हणजे ‘५० टक्के मांस’ असे सरळ त्रैराशिक मांडता येत नाही. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने २०१७मध्ये नेमके तेच मांडले. सबवेच्या सँडविचमधल्या कोंबडीत कोंबडीचा डीएनए जेमतेम निम्मा आणि बाकी सोयाबीनचा, असे तिने एका विद्यापीठाच्या चाचणीच्या आधारे दाखवले. सबवेने वाहिनीवर २१ कोटी डॉलरचा दावा ठोकला. २०१९मध्ये कॅनडातल्या न्यायालयाने वाहिनीविरुद्धचा दावा काढून टाकला, पण २०२१मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. सँडविचमध्ये किती कोंबडी होती या प्रश्नाचे उत्तर मात्र या निकालांतून मिळाले नाही.

याच सबवेच्या टूनाची गोष्ट उलट दिशेची आहे. २०२१मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकाराने लॉस एंजलिसमधली टूना सँडविचे प्रयोगशाळेत पाठवली. उत्तर आले, प्रती काढता येतील असा टूनाचा डीएनए मिळाला नाही. ‘टूनात टूना नाही’ अशी आवई उठायला तेवढे पुरले. वास्तविक डब्यात बंद करून उच्च तापमानाला शिजवलेल्या माशाच्या डीएनएच्या इतक्या चिंधड्या होतात की लांब तुकडा शोधणाऱ्या चाचणीच्या हाती काहीच लागत नाही. दुसऱ्या एका वाहिनीने करवलेल्या चाचणीत टूना सापडलाही होता. ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक वकिलांना लगेच कळतो, मथळे लिहिणाऱ्यांना उशिरा.

माणसांच्या ताटातल्या या भानगडींपेक्षा कितीतरी गंभीर प्रकरण जनावरांच्या गव्हाणीत घडले होते. तिथे डीएनए आला तोच मुळी लाखो जनावरे मेल्यानंतर.

नोव्हेंबर १९८६मध्ये ब्रिटनच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेने गायींतला एक नवाच मेंदूरोग ओळखला. गाय लडखडायची, बिथरायची आणि मरायची. मेंदूला स्पंजासारखी भोके पडलेली. लोकांनी त्याला ‘मॅड काऊ’ म्हटले. माग काढता काढता तपास पशुखाद्यापाशी आला. कत्तलखान्यातली हाडे, आतडी, मेंदू, मेलेली जनावरे हे सगळे उकळून, चरबी काढून उरलेल्या चोथ्याची मांस-हाडांची भुकटी करायची आणि ती स्वस्त प्रथिन म्हणून दुभत्या गायींच्या खुराकात मिसळायची, असा हा धंदा होता. गवत खाणाऱ्या जनावराला स्वतःच्याच जातीचे अवशेष चारले जात होते. रोगाला कारण ठरलेली बिघडलेली प्रथिने, प्रायॉन, उकळून मरत नाहीत. १९८८मध्ये ब्रिटनने रवंथ करणाऱ्या जनावरांना रवंथ करणाऱ्यांचीच प्रथिने चारायला बंदी घातली. तरी एकूण एक लाख ऐंशी हजारांवर गायींत रोग निश्चित झाला. २० मार्च १९९६ला ब्रिटिश सरकारने हा रोग माणसांत उतरला असण्याचा संभव संसदेत मान्य केला. त्या मानवी रोगाने ब्रिटनमध्ये पुढे पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. १ जानेवारी २००१पासून युरोपने अन्नासाठी पाळलेल्या सगळ्याच जनावरांच्या खाद्यातून प्रक्रिया केलेली प्राणिज प्रथिने हद्दपार केली.

बंदी घालणे सोपे, पकडणे कठीण. युरोपीय नियमांप्रमाणे ही भुकटी १३३ अंश तापमान आणि तीन बार दाबाखाली वीस मिनिटे शिजवलेली असते. रोगजंतू मारायला हे हवेच, पण त्यात डीएनएचेही पीठ होते. म्हणून वर्षानुवर्षे तपासणी चालली ती सूक्ष्मदर्शकाखाली. प्रशिक्षित डोळा पेंडेच्या चुऱ्यात हाडाचा कण, स्नायूचा तंतू, पिसाचा काडा, केस ओळखतो. हाड दिसले की प्राणी आला. पण तो कण गायीच्या हाडाचा की डुकराच्या, हे डोळ्याला सांगता येत नाही. सगळ्यावरच बंदी होती तोवर त्याने काही अडले नाही.

मग बंदी सैल होऊ लागली. प्रथिनांसाठी सोयाबीन आयात करण्याचा खर्च युरोपला परवडेना आणि कत्तलखान्यांतला माल वाया जात होता. जून २०१३पासून डुक्कर-कोंबडीच्या भुकटीला माशांच्या खाद्यात परवानगी मिळाली, २०१७मध्ये कीटकांच्या प्रथिनांनाही. सप्टेंबर २०२१पासून डुकराची भुकटी कोंबड्यांना आणि कोंबडीची डुकरांना चालू लागली. अट एकच, स्वजातीचे स्वजातीला नाही. आता ‘प्राणी आहे का’ एवढे विचारून भागत नव्हते, ‘कोणता प्राणी’ हे कळणे कायद्याचीच गरज झाली. २०१३मध्ये युरोपने सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला रवंथ करणाऱ्या जनावरांसाठीची पीसीआर चाचणी अधिकृत केली. शंभरपेक्षा कमी अक्षरांचा डीएनएचा तुकडा शोधणारी ही चाचणी त्या दाबाच्या भट्टीतून निघालेल्या भुकटीतही गाय ओळखते. तिचे मापदंड बेल्जियममधल्या गेम्ब्लू गावच्या संदर्भ प्रयोगशाळेतून ठरतात.

तरीही गाडी अडली ती दुधापाशी. वासरांच्या किंवा डुकरांच्या खाद्यात दुधाची भुकटी घालायला कायद्याची हरकत नाही. दुधात गायीच्या पेशी असतात, म्हणजे गायीचा डीएनए असतो. चाचणी गाय दाखवणारच. ती हाडातून आली की सडातून, हे डीएनएवर लिहिलेले नसते. म्हणून युरोपच्या प्रयोगशाळा दोन्ही वापरतात. सूक्ष्मदर्शक सांगतो हाड आहे की नाही, पीसीआर सांगते जात कोणती, आणि दोन्हींची सांगड खाद्याच्या पोत्यावरच्या घटकांच्या यादीशी घातली जाते. चाचणीची भाबडी स्तुती करणाऱ्यांनी या त्रिकुटाकडे जरूर पाहावे. जगातल्या सगळ्यात कडक पशुखाद्य-तपासणीतही डीएनए एकटा साक्षीला उभा राहत नाही.

भारतात मॅड काऊ आला नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१०पासून भारताला या रोगाचा नगण्य धोका असलेल्या देशांत धरले आहे. पण गव्हाणीचा प्रश्न इथे वेगळ्या दाराने आला. एफएसएसएआय या भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार कोंबड्या, डुकरे आणि मासे वगळता दुभत्या व मांसाच्या जनावरांना गोवंश वा डुकराची मांस-हाडांची भुकटी, रक्ताची भुकटी, अवयव चारता येत नाहीत. आयात दुग्धपदार्थांसाठीही भारत तशाच आशयाचा दाखला मागतो, आणि अमेरिका अनेक वर्षे त्याला व्यापारातला अडथळा म्हणत आली आहे. २०२५च्या व्यापार वाटाघाटींत तेच प्रकरण ‘मांसाहारी दूध’ या नावाने घरोघरी पोचले. इथे डीएनए चाचणी दुधावर लावून काहीच निष्पन्न होत नाही. गायीने काय खाल्ले ते तिच्या दुधातल्या तिच्याच डीएनएवर उमटत नाही. तपासायचे तर खाद्य तपासावे लागते, तेही ज्या देशात गाय आहे त्या देशात, म्हणून मागणी चाचणीची न होता दाखल्याची होते.

तुपाचे तेच. सप्टेंबर २०२४मध्ये आंध्रच्या मुख्यमंत्र्यांनी तिरुपतीच्या लाडवाच्या तुपात प्राण्यांची चरबी असल्याचा आरोप केला तेव्हा कित्येकांनी गृहीत धरले की डीएनए तपासून हे कळले असेल. ज्या अहवालावर आरोप आधारलेला होता, तो आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या प्रयोगशाळेचा होता, आणि त्यात होते एस-मूल्य. गॅस क्रोमॅटोग्राफीने तुपातल्या वेगवेगळ्या लांबीच्या स्निग्ध रेणूंचे प्रमाण मोजायचे आणि शुद्ध दुधाच्या चरबीशी ते जुळते का पाहायचे, अशी ती रीत. प्रमाण जुळले नाही तर ‘परकी चरबी असू शकते’ असे म्हणता येते. ती ताडाची, माशाची की डुकराची हे खात्रीने सांगणे अवघड. उपाशी गाय किंवा तेलबियांची पेंड भरपूर खाल्लेली गाय असेल तर शुद्ध तूपही मर्यादेबाहेर जाऊ शकते, असा इशारा त्या अहवालातच होता. डीएनए का नाही? एक तर कढवलेल्या तुपात तो जवळजवळ उरत नाही. आणि उरला तरी काय कळणार? गायीच्या तुपात गाय सापडणारच, मग ती दुधातली असो वा चरबीतली. ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमले. या पेचातून सोडवणूक करू शकले असते ते टँकरचे दाखले, खरेदीच्या पावत्या आणि तुपाचा भाव. एवढ्या स्वस्तात शुद्ध गायीचे तूप कसे मिळते, हा प्रश्न विचारायला कुठलीही प्रयोगशाळा लागत नाही.

वेष्टनावरच्या हिरव्या ठिपक्याची कथाही अशीच. कायद्याने दूध शाकाहारी धरले आहे, त्यामुळे हिरव्या ठिपक्याच्या पेढ्यात गायीचा डीएनए असणे पूर्णपणे नियमात बसते. उलट ज्या घटकांबद्दल शाकाहारी ग्राहकाला खरी शंका असते, त्यांत डीएनए नसतो. ई-६३१, म्हणजे डायसोडियम इनोसिनेट, हे चिप्स आणि झटपट नूडल्समधले चवीचे मीठ मांस-मासळीपासूनही बनते आणि टॅपिओकासारख्या वनस्पतिजन्य पिठूळ पदार्थांच्या किण्वनातूनही. दोन्हींतून निघणारा रेणू एकच. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये नेमके याच पदार्थाचे उदाहरण देऊन सांगितले की नुसता सांकेतिक क्रमांक छापून भागणार नाही, घटक वनस्पतीतून आला, प्राण्यातून आला की प्रयोगशाळेत बनला, हे उत्पादकाने उघड केले पाहिजे. न्यायालयाने जबाबदारी चाचणीवर न टाकता सांगणाऱ्यावर टाकली. दुसरा मार्गच नव्हता.

महाराष्ट्रात डीएनए चाचणीचा सगळ्यात नाजूक उपयोग गोवंशहत्याबंदी कायद्याखाली होतो. १९७६च्या मूळ कायद्यात गायीला संरक्षण होते, बैल-वळू मात्र दाखला घेऊन कापता येत. त्या काळात मायटोकॉन्ड्रियाची चाचणी उपलब्ध असती तरी निम्मीच कामाची ठरली असती. मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतो, गाय आणि तिचा बैल यांत तो सारखाच. लिंग सांगायला केंद्रकातली वेगळी खूण बघावी लागते. १९९५च्या दुरुस्तीला २०१५मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि सगळा गोवंश बंदीखाली आला. आता प्रश्न उरला तो गोवंश की म्हैस एवढाच, कारण म्हशीचे मांस राज्यात कायदेशीर आहे. शिजवलेल्या खिम्यातही डीएनए हे दोन वेगळे करतो. ६ मे २०१६ला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी वैध ठरवली, पण परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा मानणारे आणि निर्दोषपणा सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे अशी दोन कलमे रद्द केली. मांस कोणाचे हे प्रयोगशाळा सांगेल. ते कापले कुठे, हे डीएनए सांगत नाही.

आणि नमुना नळीत शिरण्याआधी तो कुठे होता, हेही नाही. २८ सप्टेंबर २०१५च्या रात्री उत्तर प्रदेशातल्या दादरी इथे गोमांसाच्या संशयावरून जमावाने एका माणसाला ठार मारले. स्थानिक पशुवैद्यकाच्या प्राथमिक अहवालात मांस बोकडाच्या जातीचे म्हटले होते. पुढच्या वर्षी बाहेर आलेल्या मथुरेच्या प्रयोगशाळेच्या अहवालात ते गाय वा तिच्या वंशाचे असल्याचे म्हटले गेले. नमुना कुठून उचलला आणि कशात भरला, यावर वाद झाला. अहवाल खरा धरा किंवा खोटा, खुनाच्या कलमात त्याने एका अक्षराचाही फरक पडत नाही.

मासळीकडे वळले की हवा जरा मोकळी होते. कोळणीच्या पाटीतली अख्खी सुरमई ओळखायला प्रयोगशाळा कशाला? डोके, खवले, परांची ठेवण सगळे समोर असते. भानगड होते ती गोठवलेल्या, सोललेल्या पांढऱ्या तुकड्यांत. कॅनडाच्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट यांनी २००३मध्ये प्राण्यांच्या सगळ्या जाती एकाच जनुकाच्या साडेसहाशे अक्षरांवरून ओळखण्याची कल्पना मांडली. दुकानातल्या मालाच्या पट्ट्यांवरून तिला ‘बारकोड’ हे नाव पडले. ओशियाना या संस्थेने २०१३मध्ये अमेरिकेतल्या १,२१५ नमुन्यांचे निकाल काढले तेव्हा एक तृतीयांश माशांची नावे खोटी निघाली. रेड स्नॅपर म्हणून घेतलेल्या १२० नमुन्यांत खरे रेड स्नॅपर होते फक्त सात.

पण बारकोड वाचायचा तर दुकानदाराकडे मालाची बरोबर यादी हवी. जनुकाचा तुकडा ज्या संग्रहाशी ताडून पाहायचा, त्यातच चुकीचे नाव चिकटलेले असेल तर चाचणी इमानेइतबारे चुकीचे उत्तर देते. त्याचे जवळचे उदाहरण पापलेट, आपला सरंगा. २०२३मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यमासा जाहीर केले, सातपाटीच्या मच्छीमारांची ती जुनी मागणी होती. पुस्तकांत त्याचे नाव वर्षानुवर्षे पॅम्पस अर्जेंटियस असे छापले जात होते. जनुके आणि शरीररचना पुन्हा तपासल्यावर संशोधकांच्या लक्षात आले की भारताच्या किनाऱ्यावरचा हा मासा पॅम्पस कॅन्डिडस आहे, अर्जेंटियस तिकडे पूर्वेकडच्या समुद्रातला. मासा तोच, भाव तोच, चवही तीच. फक्त त्या नावाखाली साठलेल्या संदर्भांतली पाने पुन्हा लावावी लागली.

तंत्र थांबलेले नाही. एकाच वेळी नमुन्यातल्या सगळ्या जाती वाचणारी नव्या पिढीची क्रमवाचने आता मोठ्या प्रयोगशाळांत रुळली आहेत. आधी ‘घोडा आहे का’ असे विचारावे लागे. ज्याचा संशयच आला नाही तो सापडत नसे. आता ‘कोण कोण आहे’ असे विचारता येते. तळहातावर मावणारी वाचनयंत्रे आली, एकाच तापमानावर चालणाऱ्या झटपट चाचण्या आल्या. चीनमध्ये २०१४मध्ये वॉलमार्टला गाढवाच्या मसालेदार मांसात कोल्ह्याचा डीएनए निघाल्यामुळे माल मागे घ्यावा लागला होता. कोल्ह्याचा विचार आधी कोणाच्या मनात येणार? अशा ठिकाणी नव्या यंत्रांचा खरा उपयोग. ‘किती’ आणि ‘कुठल्या भागातले’ या दोन प्रश्नांवर मात्र त्यांच्याकडेही जुनीच उत्तरे आहेत.

आणि ‘कोणी’ या प्रश्नावर एकही नाही. युरोपातल्या घोड्याचे पुढे काय झाले ते पाहिले की हे कळते. रोमानियातल्या कत्तलखान्यांतून घोड्याचे मांस घोडा म्हणूनच, कायदेशीरपणे निघाले होते. वाटेत ते एका डच व्यापाऱ्याकडून, सायप्रसमध्ये नोंदलेल्या कंपनीमार्फत फ्रान्समधल्या स्पांगेरो या मांसकंपनीकडे गेले आणि तिथून गोमांस म्हणून लक्झेंबर्गच्या कारखान्यात लझान्या व्हायला पोचले. सायप्रसच्या त्या कंपनीचे नाव होते ‘ड्राप’. डच भाषेत घोड्याला ‘पार्ड’ म्हणतात, आणि रोमन लिपीत ते नाव उलटे लिहिले की ‘ड्राप’ होते. तपासनिसांनी पावत्या, मालाची लेबले आणि सीमाशुल्काचे सांकेतिक क्रमांक एकमेकांशी जुळवले. एप्रिल २०१९मध्ये, म्हणजे डब्लिनच्या त्या चाचणीनंतर सहा वर्षांनी, पॅरिसच्या न्यायालयाने डच व्यापाऱ्याला दोन वर्षांची कैद ठोठावली.